बाटलीत पाणीच होतं

धाकट्या,

तुला वाटत असेल, ताईची आता तरी खात्री पटली असेल. पटली. पण लॅबच्या कागदामुळे, तुझ्या शब्दामुळे नाही.

तेवीस वर्षं तू रंगाच्या दुकानात रंग मिसळलेस. गिऱ्हाइकाने भिंतीचा नखाएवढा पोपडा आणला तरी हुबेहूब छटा काढून द्यायचास. आणि स्वतःचे डोळे पिवळेजर्द झालेले तुला दिसले नाहीत! विचारलं तर म्हणे, "दुकानातला दिवाच तसला आहे, ताई."

दिवा! वजन उतरलेलं, साखर अचानक वाढलेली, आणि पिशवीत एक बाटली. दर दहा मिनिटांनी पाठ फिरवून घोट घ्यायचास. सोनोग्राफीत स्वादुपिंड सुजलेलं निघालं, तेव्हा तर माझी बी.एस्सी. उफाळून आली. स्वादुपिंड सुजलं म्हणजे दारूच! बाटली हुंगली. नुसतं पाणी. म्हटलं, लबाडाने बदलून ठेवलंय. लगेच जाऊन मालकांच्या कानावर घातलं, "पितो. लक्ष ठेवा." त्यांनी तुला मिसळायच्या टेबलावरून उठवलं आणि ब्रश विकायला बसवलं.

डॉक्टरांचा संशय वेगळा, कॅन्सरचा. ऑपरेशनची तारीखही पडली. तेवढ्यात एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या जबड्याखाली बोटं दाबली.

"ही सूज कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. दाढेची असेल. तोंड सारखं कोरडं पडतं हो, म्हणून पाणी जवळ ठेवतो."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

रक्त तपासलं, सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच स्वादुपिंडावर उलटली होती. पित्तनलिका आवळली, म्हणून कावीळ. लाळेच्या ग्रंथी सुजल्या, म्हणून कोरडं तोंड. आता मूत्रपिंडावरही नजर ठेवायची.

"घरच्यांनाच चोर समजते ही शक्ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तू माझ्याकडे बघितलंस. "आमच्या घराण्यातच आहे ते."

ऑपरेशन टळलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी महिन्याभरात डोळे पांढरे झाले. मग तू एकच गोष्ट मागितलीस.

"मालकांना तूच सांगितलंस ना? मग निस्तरायलाही तूच जा. मला माझं टेबल परत हवंय."

"सोमवारी जाते," म्हटलं.

किती सोमवार गेले, मोजू नकोस. काल तू जेवायला गेलेला बघून दुकानात शिरले खरी. तुझ्या टेबलावर दुसराच कोणी डबा ढवळत होता. मालक म्हणाले, "बोला ताई, काय देऊ?"

दोन इंची ब्रश घेतला आणि घरी आले. रिपोर्टची झेरॉक्स अजून पर्समध्येच आहे.