उजव्या बाजूचा खिसा

त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी सकाळी दहाला गफ्फारभाईंच्या दुकानाचं शटर खाली होतं. मेडशीच्या बसस्टँडसमोरचं हे शिलाईचं दुकान मी तीस वर्षं एसटीच्या दारातून पाहत आलोय. जुम्म्याचा दिवस सोडला, तर ते बंद दिसलेलं फारसं आठवत नाही. दुरुस्तीला टाकलेला शर्ट न्यायला मी आलो होतो आणि त्यांनी उशीर केला म्हणून जरा तावातच होतो. शेजारच्या चहावाल्यानं कपबशी खाली ठेवली. "कंडक्टरसाहेब, तुमाले समजलं नाई काय? गफ्फारभाई पहाटीच गेले." ...मी तसाच बाकावर बसलो. इतका वेळ बांधून आणलेला राग आता कुठे ठेवावा, ते कळेना.

आमची ओळख खाकी कापडावरची. नोकरी लागली तेव्हा माझा पहिला गणवेश त्यांनीच शिवला. कंडक्टरच्या डाव्या खिशात पेन्सिल, चष्मा, कागद असं काय काय कोंबलेलं असतं, तो लोंबतो, म्हणून त्यांनी आतून दुहेरी कापड लावलं. बोलता बोलता हात डाव्या छातीकडे न्यायची सवय मला तेव्हा लागली, ती निवृत्त झालो तरी सुटली नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी गफ्फारभाई मशीनचं पायडल मारता मारता थांबायला लागले. पायांवर सूज, चार पावलांत धाप. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून मशीनच्या फळीवर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपायचे. पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच. वाकलं की श्वास कोंडायचा, त्यामुळे मशिदीत ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नमाज पढत. "खुर्चीवरची बी कबूल होते," ते म्हणायचे, "पन मरायच्या पयले एक डाव माहं कपाळ जमिनीले टेकलं पाह्यजे. बाकी मले काई नाई पाह्यजे."

अकोल्याला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. हृदयाचे दोन भाग एकमेकांना सोडून चालताहेत, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, तीन तारांचं यंत्र छातीत डावीकडे बसवू, ते दोघांना एका ठोक्यावर आणेल, असं डॉक्टरांनी समजावलं. सोबत आलेल्या भाभी, त्यांच्या पत्नी, घाबरल्या. "भाऊ, आंगात मशीन घालून मानूस कसा जगन?" गफ्फारभाईंना मात्र लगेच उमगलं. "वरचा धागा अन् खालचा धागा एका टायमाले आले नाई तं टाका पडत नाई. तसंच हाय हे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी काय म्हनता?" बसवा म्हणालो. बोलून तर गेलो, पण ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झाल्यावर भाभींच्या नजरेला नजर देववेना. काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या शब्दावर झालं असतं.

नंतरच्या तपासणीला दवाखान्यातल्या एका मुलीनं कागद पुढे केला. यंत्र बसवल्यावर तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच सांगा. गफ्फारभाईंनी कागद तिच्याकडेच परत सरकवला. "बाई, शर्ट बराबर बसला का, हे पयल्या धुन्यानंतर समजते. ईद होऊ द्या, मंग सांगतो."

ईदच्या सकाळी मी ड्युटीवर होतो. ईदगाहजवळ गर्दीमुळे गाडी थांबली होती. दारातून पाहिलं, तर शेवटच्या रांगेत गफ्फारभाई. खुर्ची नव्हती. सगळे वाकले, तेही वाकले, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागलं. दोऱ्याएवढ्या तारा त्या माणसाला आतून सावरून धरत होत्या आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता... मग ते उठले. धाप न लागता, शेजाऱ्याच्या बरोबरीनं उठले. एवढं अचाट काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. रस्ता मोकळा झाला तरी मी डबल बेल द्यायला विसरलो, ड्रायव्हरनं शिवी हासडली तेव्हा भान आलं. पुढच्या तपासणीला त्यांनी त्या मुलीला स्वतः शोधून काढलं. "लिहून घ्या, पाच. ज्यादा लिहाची सोय असन तं पाहा."

यंत्रावर मोबाइल ठेवू नका, असं दवाखान्यात सांगितलं होतं. या पठ्ठ्यानं घरातल्या आपल्या सगळ्या शर्टांचे डावे खिसे उसवले आणि उजवीकडे लावले. विटलेल्या कापडावर डाव्या बाजूला गडद चौकोन उरला. कोणी विचारलं की त्यावर बोट ठेवून सांगायचे, "इथं कारागीर बसला हाय." मी निवृत्त झालो तेव्हा त्यांनी माझा पहिला बिनखाकी शर्ट शिवला, आणि त्याचाही खिसा उजवीकडे. मी चिडलोच. तीस वर्षांत माझ्या कपड्यात त्यांची चूक नव्हती. ते ओशाळून हसले. "माप तुमचं घेतलं, पन हात माह्या शर्टावर चालत राह्यला. ठेवून जा, उसवून देतो." तीच आमची शेवटची भेट.

यंत्रानं ठोका चुकवला नाही, थकलेलं हृदयच पुढे साथ देईना, असं डॉक्टर म्हणाले. ते यंत्र त्यांच्यासोबतच मातीत गेलं. बॅटरी अजून काही वर्षांची होती म्हणे... मी त्या दिवशी कबरस्तानात खूप वेळ उभा होतो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या मुलानं, इरफाननं, शर्ट आणून दिला. खिसा उजवीकडेच होता. डावीकडे फक्त निळ्या खडूच्या चार रेघा आखलेल्या. "अब्बाच्यानं झालं नाई. मी लावून देऊ काय?" नको म्हणालो.

पहिल्याच धुण्यात रेघा गेल्या. काल तोच शर्ट घालून स्टँडवर उभा होतो. वाशिमची गाडी लागली, पाटी वाचायला चष्मा हवा म्हणून हात सवयीनं डावीकडे गेला. खिसा नव्हता. तळहात सपाट छातीवर पडला, आणि खाली ठोके लागले, एकामागून एक, बिनतारेचे, बिनबॅटरीचे, मी कधी विचारपूसही न केलेले. हात तसाच ठेवून उभा राहिलो. माझी गाडी निघून गेली.