भरल्या आडाचं घर

हे मी आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेलं नाही. भादव्यात शेवाळाचा ओला वास आला की बेगमपुऱ्यातलं आमचं घर विकलं ते दिवस आठवतात. आतल्या अंगणातला आमचा आड दर वैशाखात कोरडा पडायचा. ते फक्त घरच्यांनाच ठाऊक. म्हणून वडिलांनी वेळ ठरवली, "गणपतीतच उरकू. आड काठोकाठ हाय. पुढं पितरांचा पंधरवडा, त्यात कुणी घर घेत नाय, अन् तवर पाणी खाली जातं." घर बघायला आले ते माझेच शाळेतले सर, नुकतेच निवृत्त झालेले, सोबत त्यांची बायको. बाईंनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं अन् म्हणाल्या, "लई गोड हाय वो!" सरांनी वडिलांना सोडून मलाच विचारलं, "तू सांग, उन्हाळ्यात आटतो का रे?" मी म्हणालो, "आम्ही तळ कधी पाहिलाच नाही, सर." ते गेल्यावर वडील हसले, "मास्तरानं शिकवलेलं वाया नाय गेलं!" मीही हसलो. पुढच्या वैशाखात सर अन् बाई टँकरपाशी बादल्या घेऊन उभे दिसले. सर बाईंकडं बोट दाखवून म्हणाले, "ही आली अन् भरला आड आटला बघ. हिचाच पायगुण!" बाई खाली मान घालून ऐकत होत्या. मी म्हणालो, "असेल, सर." मरेपर्यंत सर त्यांना तेच ऐकवत राहिले. बाई अजून त्याच घरात असतात. आड दर वर्षीच आटायचा, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.