खडवलीचा गुलाब

१९८७ साल. मी पंचावन्न वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी आमच्या दारातला गावठी गुलाब मी माझ्या हाताने उपटला. कुणी सांगितलं नव्हतं. कोपरीत आमचं बैठं घर, पुढे चार पावलांचं अंगण. त्यात ते झाड बायकोने लग्नानंतर खडवलीहून, माहेरून आणून लावलेलं. फिकट गुलाबी फूल, चुरगळल्यासारखं, दुपारपर्यंत मान टाकणारं. पण वास असा की सकाळी चुलीपाशी बसलेल्या माणसालाही कळायचं, आज फूल उमललंय.

मला ते झाड गबाळं वाटायचं. कारखान्यातले लोक घरी आले की मला लाज वाटायची. नर्सरीत जाऊन मी चार कलमं आणली. लाल, पिवळा, दुरंगी, आणि एक जांभळट. मी चौथी शिकलेला, चिठ्ठीवरची इंग्रजी नावं वाचता येत नव्हती. माळ्याला विचारायचं तर तेही माझ्याने झालं नाही. रंग बघून घेतली.

बायकोने एवढंच विचारलं, "अहो, वास आहे का यांना?"

"फूल बघ की, केवढं आहे!" मी म्हटलं. तिने बघितलं. पुढे देवाला फुलं ती बाजारातून आणायची, अंगणातली कधी तोडली नाहीत. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगण दाखवत राहिलो.

तीन वर्षांनी साखरेच्या आजाराने तिचे डोळे गेले. आधी धूसर, मग उजेड-अंधार तेवढा, मग तोही नाही. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. उशीर मीच केलेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणत बसलेलो.

एका सकाळी मी सगळ्यात मोठा लाल गुलाब तोडून तिच्या हातात दिला. तिने बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, परत चाचपला.

"हा काय कोबी आणलात?" ती म्हणाली आणि हसली.

मीही हसलो. मग मागच्या दारी गेलो, तेव्हा ध्यानात आलं. जिला आता फक्त वासाने फूल कळणार, तिच्या दारातला एकुलता एक वास मी उपटून कचऱ्यात टाकलेला.

त्याच पावसाळ्यात खडवलीला गेलो. मूळ झाड तिच्या भावाच्या अंगणात होतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, चार काड्या न्या आणि नुसत्या मातीत खोचा. पावसाचे दिवस आहेत, लागतील. याला काही करावं लागत नाही."

"मला शिकवतोस?" मी म्हटलं. नुसत्या काड्या खोचायला मी काय पोरगा होतो? नर्सरीतल्या माळ्याचं काम मी लांबून बघितलेलं. जंगली गुलाबाच्या मुळासकट खुंटावर कलम बांधलं की झाड दणकट होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. खुंट आणून कुंड्यांत लावले, चारही काड्यांची कलमं बांधली. तीन वाळली. एक लागलं. त्याला कोवळी पानं फुटली, तेव्हा मी तिचा हात धरून कुंडीपाशी नेला. तिने पानं मोजल्यासारखी बोटं फिरवली आणि म्हणाली, "हाच."

ते मी दाराशेजारी लावलं. वर्षभराने बुडातून एक फांदी आली. सरळ, जोरदार, काटे जवळजवळ नाहीतच. बघता बघता पत्र्याला टेकली. शेजारची कोळीण मासळीची पाटी घेऊन निघालेली, थांबली.

"दादा, ही खालून आलेली काढा. ही जंगली. वरच्याला खाईल."

"तुम्ही तुमची मासळी सांभाळा," मी म्हटलं. एवढी वाढणारी फांदी कुणी कापतं का? बाजूला कलमाची काडी बारीक होत गेली, ती मला या फांदीच्या पसाऱ्यात दिसलीच नाही. खत घातलं, मासळी धुतलेलं पाणी घातलं. बायको संध्याकाळी त्या झाडापाशी बसायची. हात लावायची.

"कळी आली का हो?"

"येईल."

पुढच्या वर्षी मेहुण्याने अंगणातल्या विहिरीवर पंपाची खोली बांधली, त्यात तिकडचं मूळ झाड गेलं. निरोप आला तेव्हा मी तिला ऐटीत म्हटलं, "जाऊ दे. आपल्या दारात आहे ना."

त्याच वर्षी, १९९३च्या थंडीत कळ्या आल्या. झुबक्याने. उमलल्या तर पांढऱ्या, नखाएवढ्या, पाच पाकळ्यांच्या. नाक खुपसलं तरी वास नाही. मी झाडापाशी उभा राहिलो, आणि कोळीण काय म्हणाली होती ते मला तेव्हा समजलं.

पण बायकोला मी ते सांगितलं नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून गुलाबपाण्याची बाटली आणली. एक झुबका तोडला, त्यावर शिंपडलं, आणि तिच्या ओंजळीत ठेवून म्हटलं, "घे. आला तुझा खडवलीचा."

तिने वास घेतला. फार वेळ घेतला.

"गुलाबपाणी चांगलं आहे," ती म्हणाली.

मग झुबका तिने मांडीवर ठेवला.

"अहो, आपल्या गुलाबाला एका देठावर पाच पानं. याला सात. मी गेल्या वर्षीच्या दिवाळीलाच मोजली."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस? तेव्हा खडवलीचं झाड होतं!"

"तुम्हाला सांगून चालतं का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो, ती नेहमीसारखी बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन मी झाडाचं बूड उकरलं. कलम बांधलेली जागा सापडली. बोटभर काळं लाकूड राहिलेलं. अंगठ्याने ढकललं, तर मोडून हातात आलं, आतून कोरडं.

"काय करताय?" दारातून तिने विचारलं.

"पाणी घालतोय," मी म्हटलं. मग माती परत लोटली, बादली आणली, आणि त्या सात पानांच्या झाडाला पाणी घातलं.