ताऱ्याच्या मशीनची खंडेनवमी

रामकिसन मूळचा कन्नड गावचा. भौतिकशास्त्र विभागात एकतीस वर्षं शिपाई. तेवढ्या काळात सात विभागप्रमुख आले आणि शाली पांघरून गेले. यंत्रं पुसायला हा एकटाच. खंडेनवमीला तो एकूण एक यंत्र बंद करून हळदकुंकू वाही. त्या दिवशी यंत्राला विश्रांती म्हणजे विश्रांती. त्याच्या चुलत्यानं एकदा खंडेनवमीला कडबाकुट्टी चालवली होती. अर्धं बोट गेलं, आणि सासुरवाडीनं जन्मभर 'साडेनऊ' म्हणून हाक मारली.

यंदा घोडं अडलं ते करुणापाशी. ही संशोधक पोरगी मागच्या खोलीतल्या संगणकात एक तारा फोडत बसली होती.

"काका, हे बंद करू नका. एकोणीस दिवस चालूय, दोनच राहिलेत. थांबलं की पुन्हा पहिल्यापासून."

"एवढं कोणतं दळण दळतीस, बाई?"

"तारा आतून ढासळतो. दणका उसळून बाहेर निघतो, अन् अर्ध्या वाटेत दमतो."

"कन्नडच्या घाटात एसटी दमती तसा?"

"व्हय! मग पोटातनं न्यूट्रिनो नावाचे कण निघतात. इतके बारीक, की अख्ख्या पृथ्वीतनं आरपार जातात. पण तिथं आत इतकी दाटी, की त्यातले थोडे अडकतात, अन् त्यांच्या उबेनं दणका पुन्हा उठतो. उठतो का नाय, तेच बघायचंय. खेळ अर्ध्या सेकंदाचा, आकडेमोड एकवीस दिवसांची."

"मग आपलं ऑफिस लई चपळ म्हणायचं!"

अधलेमधले आकडे साठवायला करुणानं जादा डिस्क मागितली होती. न्यूट्रिनो पृथ्वीतून आरपार जातो. तिचा अर्ज मात्र दीड वर्षापासून पहिल्याच टेबलावर अडकला होता. आणि सोमवारपर्यंत निकाल पाठवला नाही, तर परिषदेतली तिची जागा जाणार होती.

विभागप्रमुखांचं दुखणं वेगळंच. "पाहुणे येतायत. फोटोत संशोधन दिसलं पाहिजे. ते ताऱ्याचं मशीन बंद करून पुढं मांडा."

रामकिसननं मान डोलावली. अडगळीतून तसाच दिसणारा एक मेलेला संगणक काढला, पुसला, झेंडूचा हार घातला आणि पुढच्या खोलीत मांडला. पाहुण्यांनी नारळ फोडला, हात जोडले. "याच यंत्राच्या पोटात आज विश्वाचं रहस्य आहे!" टाळ्या पडल्या. त्या पोटात उंदरानं संसार मांडून मोडल्याला चार वर्षं झाली होती.

"मागं घरघर कसली?" पाहुण्यांनी विचारलं.

"कूलर, साहेब," रामकिसन म्हणाला. खंडेनवमीला मशीन चालतंय, या धास्तीनं त्यानं दिवसभर स्वतःची बोटं मात्र तीनदा मोजली.

शनिवारी करुणा ओरडतच बाहेर आली. "काका, उठला दणका! फुटला तारा!"

"झालं ना काम?"

"झालं! सगळं साठवून ठेवलं."

रामकिसन आत गेला. त्यानं संगणक रीतसर बंद केला, वायर उपसली, हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं.

"अहो काका! निकाल पाठवायचाय!"

"सोमवार परवा हाय. उद्या पाठव. याची खंडेनवमी राहिलीय."

"आमच्यात नसतं हे, काका!"

"तुझ्यात नसंल," रामकिसननं तिच्या हातावर पेढा ठेवला आणि दार ओढून घेतलं. "मशीन माझ्यात हाय."