दाजींसमोरून उचललेलं ताट

आमच्या चर्चच्या मंडळीनं मला पंच नेमलं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, कोल्हापुरातच शाळेत मास्तर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा पेला. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली की भाकरीच्या तुकड्यांचं ताट मी बाकाबाकावर फिरवायचो. बाप्तिस्मा झालेल्यानंच घ्यायचं, हा नियम. बाकीचे मान खाली घालून बसत आणि ताट पुढं जाई.

तिसऱ्या बाकावर अक्का बसायची. नात्यानं माझी कुणी नव्हे, पण लहानपणी तिनंच आम्हाला रविवारच्या शाळेत गाणी शिकवली होती. तिनं लग्न केलं ते कागलकडच्या एका हिंदू शेतकऱ्याच्या मुलाशी. तो उद्यमनगरात लेथवर कामाला होता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. पुढं अक्काला संधिवातानं धरलं. दाजी तिला दर रविवारी एम-एटी गाडीवरून आणायचे, कमरेला हात घालून पायऱ्या चढवायचे आणि उपासना संपेपर्यंत शेजारी बसून राहायचे. सगळी गाणी त्यांना पाठ होती.

बाप्तिस्म्याचं मी एकदा विचारलं होतं. "आई हाय तोवर न्हाय," ते म्हणाले. "एकुलता एक हाय मी. तिला सोसायचं न्हाय." मी पुन्हा विषय काढला नाही.

अक्काची बोटं इतकी वाकडी झाली होती की तिला तुकडा उचलता यायचा नाही. मग मी ताट धरायचो, दाजी तुकडा उचलायचे आणि तिच्या तोंडात घालायचे. पेलाही तेच ओठांना लावायचे. पाच-सहा वर्षं असं चाललं. कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही.

अक्का पावसाळ्यात गेली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दाजी एकटेच आले आणि त्याच बाकावर, तिची जागा मोकळी ठेवून बसले. ताट घेऊन मी त्यांच्यापाशी पोचलो. त्यांनी हात पुढं केला.

मी ताट मागं घेतलं.

विचार करून घेतलं असं नाही. पण मागच्या बाकावर दोन जुने पंच बसले होते, आणि ते बघतायत हे मला ठाऊक होतं, एवढं खरं. दाजींचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. मी पुढच्या बाकाकडं गेलो. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत ते उठून गेले होते.

बाहेर त्या दोघा पंचांनी माझी पाठ थोपटली. पाळकसाहेबांनी मात्र मला बाजूला घेतलं. "माझ्या हातात ताट असतं तर मी दिलं असतं," ते हळूच म्हणाले. मी नियमाचं बोललो. नियम त्यांनाही माहीत होता.

चार दिवसांनी मी दाजींच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, शाळेची चौकशी केली. रविवारचं मला काढवेना, शेवटी त्यांनीच काढलं.

"मला तुमच्यात घुसायचं नव्हतं, मास्तर. तिच्या वाटणीचं घ्यावं वाटलं, एवढंच की."

मी चहा पीत राहिलो. पुन्हा यायचा आग्रह केला, पण तो रीतीपुरताच. ते आले नाहीत. वर्षभरात काम सोडून आईपाशी गावाला गेले.

पुढं नवे पाळक आले. प्रभुभोजन घ्यावं की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं, पंचांनी कुणाला अडवू नये, असं त्यांनी बैठकीत मांडलं. दोन बैठका वाद झाला. मी त्यांच्या बाजूनं बोललो. का, ते कुणाला सांगितलं नाही. ठराव झाला त्याच आठवड्यात मी एसटीनं कागल गाठलं आणि तिथून वडापच्या जीपनं दाजींच्या गावी गेलो.

ते उसाला पाणी पाजत होते. बांधावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, आता कुणी अडवणार नाही म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडंल."

मग ऊस, पाणी, आईचं दुखणं यावर बोललो. जेवून जा म्हणाले, पण मी थांबलो नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की इतक्या लांब येऊन मी त्यांना ठरावाची बातमी दिली होती. माझं चुकलं, असं एकदाही म्हणालो नव्हतो.