दिवाणखान्यातली मातीची भिंत

निलंग्याच्या अलीकडच्या त्या गावात माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, गळायला लागली की सरजाबाईला बोलावणं यायचं. पांढरी माती कुठल्या खाणीतली घ्यायची, त्यात भुसा किती, शेण किती, आणि चिखल किती दिवस मुरू द्यायचा, हे तिला तिच्या आईनं, नागुबाईनं शिकवलं होतं. पाटलाच्या माळवदावर ती शिडी लावून चढायची, दिवसभर माती चोपायची आणि शिडीनंच खाली उतरून घरी जायची. छपरावर चढताना तिची जात आडवी येत नव्हती. उंबऱ्यात येत होती.

सत्तावन्न साली वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. भिंतींवरचे देव निघाले आणि दारांच्या चौकटी उघड्याबोडक्या दिसायला लागल्या. सरजाबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिनं आपल्या दाराभोवती ओल्या मातीत पिंपळाची पानं काढली. अंगठ्यानं दाबायचं, बोटांनी कडा उचलायच्या, नखानं शिरा ओढायच्या. बुद्धाला पिंपळाखाली ज्ञान झालं, एवढं तिनं ऐकलं होतं. वर्षभरात वस्तीतल्या प्रत्येक दारावर ती पानं आली. पुढं मुलगी झाली तेव्हा नवऱ्यानं, व्यंकटीनं, तिचं नाव पंचशीला ठेवलं.

बहात्तरच्या दुष्काळात दोघं पाझर तलावाच्या कामावर गेली. तो खोदायचा, ती पाट्या वाहायची. फाल्गुनात एका सकाळी खणलेला कडा सुटला आणि व्यंकटी त्याच्याखाली गेला. सरजाबाईनं खोरं घेतलं नाही. खोरं लागेल त्याला, म्हणून ती हातांनीच माती उपसत होती. तो सापडला तेव्हा त्याच्या तोंडात, नाकात माती गच्च बसलेली होती. आठ वर्षांची पंचशीला दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची वाटी घेऊन तिथंच उभी होती. तिनं हे सगळं पाहिलं.

पुढची दहा वर्षं सरजाबाईनं गावात मिळेल ते काम केलं. ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला चकरा मारायची गरज संपली, लातुरात नव्या कचेऱ्या आल्या, साहेब आले, वकील आले, आणि त्यांच्यासाठी शेतं मोडून नव्या कॉलन्या उभ्या राहायला लागल्या. कामाला हात कमी पडत होते. सरजाबाई पंचशीलेला घेऊन लातूरला आली, गावाबाहेरच्या वस्तीत पत्र्याची खोली घेतली आणि बांधकामाचे ठेके घेणाऱ्या शेषेराव गुत्तेदाराकडं कामाला लागली. पंचशीला शिकत होती. सरजाबाई सिमेंटचा माल डोक्यावर घेऊन फळ्यांवरून वर चढत होती. सिमेंटनं तिच्या तळहातांना भेगा पडल्या. मातीनं कधी पडल्या नव्हत्या.

चौऱ्याऐंशीला शेषेरावाकडं वकील रेणुकादासांच्या बंगल्याचं काम आलं. त्यांची बायको विनीता नांदेडची, बऱ्याच पुस्तकांतून घरं पाहिलेली. तिला दिवाणखान्यात आपल्या मुलखातलं काहीतरी हवं होतं. एका मोडलेल्या वाड्याचे सागवानी खांब तिनं आणवले, पितळी हंडे, झोपाळ्याच्या कड्या गोळा केल्या. आणि समोरची एक अख्खी भिंत मातीची, हातानं लिंपलेली हवी, असं तिनं सांगितलं. गवंडी हसले. शेषेरावानं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "कोन करील गं हे?"

"मी करते," सरजाबाई म्हणाली.

लातुरात आल्यापासून पहिल्यांदा तिनं टोपलं बाजूला ठेवलं. ट्रॅक्टरनं माती आणवली, चाळली, आठ दिवस मुरवली. रोज सकाळी त्यात उतरून पायांनी मळायची. विनीता खुर्ची टाकून बघत बसायची, विचारायची, वहीत लिहून घ्यायची. तिचा उत्साह खोटा नव्हता. ती सरजाबाईला 'तुम्ही' म्हणायची. भिंतीच्या मधोमध, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सरजाबाईनं एक देवळी सोडली. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा. गावाकडं अशा कोनाड्यात दिवा, नाहीतर देव. विनीता म्हणाली, "आमचे देव इथंच बसवू. आईंना उभ्यानं पूजा करता येईल." आई म्हणजे तिची सासू.

देवळीभोवती सरजाबाईनं पिंपळपानांची वेल काढली. वरून सफेदीचा हात फिरवला. ऊन आत आलं की पानांच्या कडांची सावली पडायची आणि वेल हलल्यासारखी वाटायची. शेषेरावानंसुद्धा वेलीवरून एकदा बोट फिरवलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ती जमिनीवरचे मातीचे ओघळ पुसत होती. विनीताची सासू विमलबाई पहिल्यांदाच बंगला बघायला आली होती. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "छान झालंय हो. पण ही पिंपळाचीच पानं कशी काढलीस? आंब्याची काढतात."

"आमच्यात हीच काढतेत, माई."

"तुमच्यात म्हणजे?"

"आमी बौद्ध."

"असं होय," विमलबाई म्हणाली. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. ती हळूहळू स्वयंपाकघराकडं निघून गेली. जाताना तिनं पदर आवरून धरला होता, एवढं सरजाबाईच्या लक्षात आलं. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. फरशी ओली होती, म्हणून धरला असेल.

वास्तुशांतीला कामावरच्या सगळ्यांना जेवण होतं, मागच्या अंगणात. सरजाबाई जेवली आणि घरी आली. सजवलेली भिंत कशी दिसते ते तिला बघायचं होतं. कोणी आत बोलावलं नाही.

दोन वर्षं गेली. शहाऐंशीचा उन्हाळा आला तोच कोरडा. लागोपाठ पाऊस हुकला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या. सरजाबाईच्या वस्तीत टँकर चार दिवसांनी यायचा. बायका सकाळपासून घागरी रांगेत लावून त्यांच्याशेजारी बसून राहायच्या. पंचशीला शिक्षिका होण्यासाठीच्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास त्या रांगेत करायची.

वैशाखात शेषेरावानं निरोप दिला. वकिलांच्या भिंतीला तडे गेलेत, बाईंनी बोलावलंय.

"ह्या दिवसांत लिंपायचं? पानी कुठंय?" सरजाबाईनं विचारलं.

"त्यांच्याकडं हाय. तू जा."

बंगल्याच्या मागं हौद काठोकाठ भरलेला होता. विनीता घाईत होती. पुण्याहून मासिकाची माणसं घराचे फोटो काढायला येणार होती. तिनं हसून सांगितलं, "सरजाबाई, तुमच्याशिवाय कोण करणार? लागेल तेवढं पाणी घ्या, संकोच करू नका."

सरजाबाई आत गेली. भिंतीवर बारीक तडे होते, वेल शाबूत होती. देवळीत प्लॅस्टिकच्या फुलांचा पितळी लोटा ठेवला होता.

"बाई, देव कुठं गेले?"

विनीतानं क्षणभर लोट्याकडं पाहिलं. "ते ना, आत ठेवले. आईंचे गुडघे दुखतात हो, वाकायला जमत नाही."

देवळी छातीएवढ्या उंचीवर होती. तिथं वाकायचं काही कारणच नव्हतं. सरजाबाई विनीताकडं बघत राहिली. विनीतालाही ते कळलं असावं, कारण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती म्हणाली, "जुनी माणसं आहेत. मी खूप सांगितलं त्यांना. उगाच घरात वाद नको म्हणून... पण भिंत मी मोडू दिली नाही, बरं का. त्या मोडायला निघाल्या होत्या."

म्हणजे भिंत ठेवली, ती तिच्यावर उपकार म्हणून. सरजाबाईनं पदर खोचला. बाहेर गेली आणि माती भिजवायला लागली. एक घागर, दोन, पाच. कोरडी माती पाणी पीतच होती. प्रत्येक घागर ओतताना तिला वस्तीतली रांग दिसत होती, आणि घागरीवर वही ठेवून बसलेली पोरगी.

दुपारी विनीता महिला मंडळात गेली. विमलबाई आतल्या खोलीत झोपली होती. सरजाबाईनं देवळीतला लोटा काढून टीपॉयवर नीट ठेवला. मग ओल्या मातीचे गोळे करून देवळीत भरले, एकावर एक, मुठीनं ठोकत, तोंडापर्यंत. त्यावर हात फिरवून भिंत सपाट केली. नंतर वेल. पानं ओली करून तिनं अंगठ्यानं एकेक दाबून बुजवली. शेवटचं पान बुजवताना तिचा हात थांबला, असं तिनं पुढं पंचशीलेला सांगितलं. पण थांबून करायचं तरी काय? अर्धी वेल ठेवून कोणाला काय कळणार होतं? उन्हं उतरेपर्यंत भिंत कोरी झाली. तिनं हात धुतले, हौदातून एक घागर भरली, डोक्यावर घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शेषेराव वस्तीत आला. "काय केलंस गं हे? वकीलसाहेब पोलिसात जाऊ म्हनतेत."

"लिंपायला सांगितलं, लिंपलं."

"उद्यापासून येऊ नकोस कामाला. माझ्याकडं न्हाई, कोनाकडंच न्हाई." त्यानं शब्द पाळला. चार महिने लातुरातल्या एकाही बांधकामावर तिला उभं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी विनीता स्वतः आली. रिक्षा वस्तीच्या तोंडाशी थांबवून, साडी उचलून धरत ती पत्र्याच्या खोलीपाशी पोचली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "माझा काय दोष होता? मी तुम्हाला कधी वेगळं वागवलं? किती मनापासून केलं होतं आपण दोघींनी ते. पुन्हा करून द्या ना. माणसं सोमवारी येताहेत."

"देव ठिवनार का त्यात?" सरजाबाईनं विचारलं.

विनीतानं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "तुम्ही तर देव मानत नाही ना?"

"मी न्हाई मानत. तुमी मानताव."

विनीतानं साडी पुन्हा उचलून धरली. ती परत गेली. तिनं एका पेंटरकडून भिंतीवर तपकिरी रंग देऊन घेतला आणि वर पांढऱ्या रंगानं पानं काढून घेतली. फोटो आले म्हणतात. घराबद्दल भरभरून लिहूनही आलं म्हणतात. सरजाबाईनं मासिक पाहिलं नाही.

पण तिला खरा चटका घरातच बसला. पंचशीला चिडली होती, आणि आईवर चिडली होती.

"कशाला गेलीस तू तिथं? त्यांच्या देवाला जागा करायला तुला कोनी सांगितलं होतं?"

"काम होतं, बाई. माझ्या हातचं काम होतं ते."

"हातचं काम! तुला माती सुटंना झालीय. मातीनं माझा बाप खाल्ला. ते लोक शेणामातीतून निघून बंगल्यात गेले, आता मज्जा म्हनून भिंतीवर माती लावायलेत. आपुन अजून निघालोच न्हाई, आई. तू तर निघूच देईनास."

पोरीचं खरं होतं. आपलंही खोटं नव्हतं, पण ते कसं सांगायचं हे सरजाबाईला कळेना. ती घागरी घेऊन रांगेत जाऊन बसली.

पंचशीला पास झाली, निलंग्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. सहा वर्षांनी तिनं तिथं घर बांधलं. सगळं सिमेंटचं, वर स्लॅब, आत गुळगुळीत फरशी, भिंतींना फिकट निळा ऑइलपेंट. पुसला की स्वच्छ. घराचं काम चालू होतं तेव्हा सरजाबाईनं कुठंही हात लावला नाही, आणि पंचशीलेनं लाव म्हटलं नाही. गृहप्रवेशाला आलेल्या शिक्षिका म्हणाल्या, "आई नशीबवान हो, लेकीनं बंगला दिला." सरजाबाईनं मान हलवली, म्हणाली, "हाव."

पहिल्याच एप्रिलात स्लॅब तापला. दुपारी खोलीत भट्टी लागल्यासारखं व्हायचं, पंखा गरम हवा खाली ढकलायचा. सरजाबाईनं एक दिवस बाज उचलून समोरच्या कडुलिंबाखाली नेली आणि आडवी झाली. शाळेतून परत येताना पंचशीलेनं ते लांबूनच पाहिलं. शेजारच्या ओट्यावर हेडमास्तरांची बायको उभी होती.

"आई, ऊठ. घर आसून झाडाखाली झोपतीस? काय म्हनतेल लोक?"

"आत लई गदगदायलंय गं."

"होऊ दे. सवय होईल."

सरजाबाई उठली. दोघींनी मिळून बाज आत नेली. पंचशीलेनं दार लावून घेतलं, पंखा पाचवर केला आणि वह्या तपासायला बसली. सरजाबाईनं टॉवेल माठाच्या पाण्यात भिजवला, पिळला, पोटावर पसरला आणि डोळे मिटून घेतले.