घरमालकांचं गाणं

जगात खरं गाणं एकच झालं आणि बाकीची सगळी त्याच्या मागे आलेली वऱ्हाडी, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला: नेरूळ गावातले आमचे घरमालक. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो. तरुणपणी बोटीवर खलाशी असताना त्यांनी अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्याची एक तबकडी आणली होती. पंचवीस वर्षं ती रोज सकाळी वाजत होती आणि तोवर घरात चहासुद्धा उकळत नसे. त्या गाण्यात गायकाचा गळा मध्येच फाटून वर जाई. मालकही बांधावर उभे राहून तसाच गळा फाडत, आणि खाडीतल्या होड्या आपल्यालाच हाक आली समजून काठाला वळत. "आपलाच माणूस हाय तो," मालक त्या गायकाबद्दल म्हणायचे. "होडीला हाक मारल्याबिगर असा गला व्हत नाय." गावच्या बँडलाही त्यांनी ते शिकवलं होतं, कुठलीही नवरी सासरी निघाली की तेच वाजे.

मी तेव्हा दादरहून आलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. शहाणपण पदरात मावत नव्हतं, म्हणून वाटत फिरायचे. मालकांच्या मुलीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी बँडने सूर धरला तशी मी वरमाईला सांगितलं, "अहो, बायको ज्याला सोडून गेली त्या माणसाचं हे रडगाणं आहे." वरमाईने तिथल्या तिथे बँड थांबवला. मला वाटलं, पदवी कामी आली.

मालक माझ्याकडे आले. "बाय, जानाऱ्याचाच गाना हाय, मना म्हाईत हाय. पोर जाताना दुसरा काय वाजवाचा?"

तिकडे मुलगी गाडीत चढेना. "बाबा, गाना?" एवढंच म्हणाली. मालकांनी टोपी काढून हातात धरली आणि वाजंत्र्यांविना गाऊ लागले. ठरल्या जागी गळा फाटला, पण तो परत खाली येईना. वरमाईनेच डोळे पुसत बँडवाल्यांना दटावलं, "बघताव काय, वाजवा."

पुढे काही वर्षांनी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न नेरूळमध्येच झालं. मालक तोवर गेले होते. पाठवणीला मी बँडमास्तरांना चाचरत विचारलं, एक जुनं इंग्रजी गाणं येतं का. ते म्हणाले, "इंग्रजी नाय येत, वहिनी. मालकांचा येतो."

तेच वाजलं. अर्थ मी कुणालाही सांगितला नाही. गळा फाटायची जागा आली तशी माझी मान आपोआप खाडीकडे वळली. पण मधे आता इमारती होत्या.